घरची सेप्टिक टाकी आणि तळ्यातला मासा

मंडळी, मळमड्डीत ड्रेनेजचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, घरची टाकी बरी, पुन्हा रस्ता कशाला उकरायचा? दुसरा म्हणतो, दर पावसाळ्यात टाकी तुंबते, एकदाची यूजीडी जोडून टाका. यात जाळं टाकणाऱ्यांचा काय संबंध? सरळ आहे. घरातून गेलेलं पाणी उताराने नाल्यात जातं, आणि नाला तळ्याला मिळतो.

आधी टाकीचं बघू. सेप्टिक टाकी मैला स्वच्छ करत नाही, फक्त गाळ खाली बसवते. वरचं पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरायला हवं. काळ्या मातीत ते मुरत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. खरं सांगा, कितीजण उपसतात? गाळाने भरली की मैला तसाच बाहेर पडतो. जुन्या घरांत मागे आड, त्याच्या शेजारीच शोषखड्डा. दोन्हींत निदान 18 मीटर अंतर हवं, असं मानक सांगतं. एवढी जागा कुणाच्या परड्यात आहे?

आता मासा. मासे जगायला एक लिटर पाण्यात निदान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासेमारीच्या पाण्यासाठी हीच मर्यादा ठेवली आहे. मैल्यातली घाण कुजताना हा प्राणवायू खाते. वर पाण्याला खत मिळाल्यासारखं होऊन शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, आणि उजाडल्यावर काठाला मेलेले दिसतात. लोक म्हणतात कुणी विष टाकलं. बऱ्याच वेळा विष कुणी टाकलेलं नसतं, प्राणवायूच संपलेला असतो. मार्च 2016 मध्ये बंगळुरूच्या अलसूर तलावात हजारो मासे मेले, तेव्हाही तलावात येणाऱ्या सांडपाण्याकडेच बोट गेलं होतं.

धारवाड तर पाणलोटाच्या माथ्यावर बसलंय. एका अंगाचं पाणी शाल्मलेतून बेडतीला मिळतं आणि पुढे गंगावळी नावाने अंकोल्याकडे अरबी समुद्रात जातं. दुसऱ्या अंगाचं मलप्रभेकडून कृष्णेत, म्हणजे पार बंगालच्या उपसागरात. इथली घाण गंगावळीच्या मुखावरच्या होड्यांपर्यंत तशीच पोचते असं नाही, वाटेत नदी बरंच पचवते. पहिला मार मात्र गावाजवळच्या तळ्यांना.

मग यूजीडी आली की सुटलो का? इथं जरा थांबा. पाइपने मैला फक्त जागा बदलतो. शंभर घरांचा मैला शंभर ठिकाणी जिरायचा, तो एका तोंडातून पडायला लागतो. त्या तोंडाशी शुद्धीकरण केंद्र चालू नसेल तर तळ्याचं आधीपेक्षा वाटोळं होतं. म्हणून 'लाईन नको' म्हणणाऱ्यांना हसू नका, त्यांच्या शंकेत दम आहे. आमचं मत लाईनच्या बाजूने आहे, पण अर्ध्या लाईनच्या नाही.

कॉर्पोरेशनची माणसं आली की आपण हे विचारायचं: लाईन कुठल्या केंद्राला जाते, ते केंद्र आज चालू आहे का, वीज गेली आणि पंप थांबला तर पाणी कुठल्या नाल्यात सुटतं? रस्त्याच्या पातळीखालच्या घरांना जोडणी कशी देणार, आणि खर्च मालकाचा की भाडेकरूचा? जुनी टाकी उपसून, बुजवून देणार की तशीच सडत ठेवणार?

लाईन येईपर्यंत टाकी वेळेवर उपसून घ्या, आणि गाडीवाल्याला मैला कुठं ओततोस ते विचारा. रात्री नाल्यात ओतणारे आहेत. आणि टाकीत माणूस उतरवू नका. 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस क्षणात पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.