पुस्तके आमच्या घरी बोलू लागली



गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी संध्याकाळी पुस्तक ऐकायचा परिपाठ पडला आहे. कधी मोबाईल बोलतो, कधी नात वाचते. ऐकणारे आम्ही पाच जण. आमची आई पंच्याऐंशीच्या घरातली. तिने शाळेचे तोंड पाहिले नाही, आणि आता दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसते. आम्ही स्वतः एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घरच्या मंडळी, सूनबाई आणि कॉलेजात नुकतीच गेलेली नात. मुलगा रात्रपाळीला असतो, त्यामुळे तो रविवारचा श्रोता. या ऐकण्यात आम्हाला जे मिळाले आणि जे सोसावे लागले, ते दोन्ही आपल्याला सांगावे असे वाटले.

आमची पुस्तके एका लोखंडी ट्रंकेत असत. नोकरीच्या काळात दर चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला एकेक करून घेतलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. आमची वस्ती सखल भागातली. आम्ही आईला आधी बाहेर काढले, मग भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला, मग कागदपत्रांची पिशवी. ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत चिखलाचा गोळा. चार दिवस पाने उन्हात वाळवली, पण अक्षरे एकमेकांना चिकटून गेली होती. त्यानंतर बरीच वर्षे आमच्या घरात पुस्तक नव्हते म्हटले तरी चालेल.

मग सूनबाईंनी एक दिवस नवल आणले. त्या बेदाणा निवडायच्या शेडवर कामाला जातात. दिवसभर हात बेदाण्यात, कान मोकळे. तिथे एका बाईच्या मोबाईलवर अण्णाभाऊंची ‘फकिरा’ लागली होती. निम्मी शेड काम करता करता ऐकत होती. सूनबाई घरी येऊन म्हणाल्या, “मामा, पुस्तक ऐकायला मिळतं. डोळे लागत नाहीत की सवड लागत नाही.”

तसे पाहिले तर आपल्या समाजाला हे काही नवीन नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मोठ्याने वाचला जातो. एकजण वाचतो, पन्नासजण ऐकतात. ज्या आयाबायांना अक्षर येत नाही, त्यांनाही सिद्धार्थाचे गृहत्याग-प्रकरण तोंडपाठ असते. बाबासाहेबांचा विचार आपल्या वाड्यावस्त्यांत प्रथम पोचला तो जलशांतून, म्हणजे कानावाटेच. मोबाईलने फक्त विहारातली ती सतरंजी घरात आणून अंथरली.

पहिली ऐकली ती ‘फकिरा’च. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. शाळा फक्त दीड दिवसाची. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पण वाचताना जे लक्षात आले नव्हते, ते ऐकताना आले. दुष्काळात माणसे भुकेने कासावीस होतात आणि फकिरा धान्य लुटून आणतो, त्या ठिकाणी आईने हात वर करून मोबाईल थांबवायला लावला. म्हणाली, “किती पायली आणलं, ते सांगितलं का? वाटून घेताना कुणाला कमी न्हाई ना पडलं?” आम्ही वाचताना फकिराची घोडदौड पाहिली होती. आईने धान्याचे माप पाहिले. ज्याने भूक काढली आहे त्याचे कान वेगळे असतात.

शेवटी आपल्या माणसांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतः सरकारच्या हवाली होतो. ते ऐकून झाल्यावर घरात कोणी बोलेना. सूनबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांचे लाटणे थांबले होते.

दुसरे पुस्तक आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’. हे आत्मचरित्र १९८१ सालचे. ते नातीने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणले आणि रोज पंधरा-वीस पाने वाचून दाखवली. तराळकी करणाऱ्याचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. पण आमच्या घराला धरून ठेवले ते त्यातल्या विहिरीच्या प्रसंगाने. विहिरीत प्रेत तरंगते आहे, त्याची राखण वडिलांच्या गळ्यात, आणि शेवटी हुकूम होतो की तूच आत उतर. काठावर उभा असलेला पोरगा तळमळतो आहे. नातीचा आवाज वाचता वाचता चढला. ती म्हणाली, “आजोबा, त्यांनी नाही का म्हटलं नाही?” आईच म्हणाली, “नाही म्हणायला पायाखाली जमीन लागती, बाळा.”

तिसरे ‘जिणं आमुचं’. लेखिका बेबीताई कांबळे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या. किराणा मालाचे दुकान चालवता चालवता त्यांनी हे लिहिले आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषींनी त्यांना धीर दिला, आणि १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. या पुस्तकात गावाने केलेला छळ तर आहेच, पण आपल्याच घरात सासूने सुनेचा आणि नवऱ्याने बायकोचा केलेला छळही बेबीताईंनी झाकलेला नाही. हे ऐकताना आमच्या घरच्या मंडळी आणि आई यांची एकमेकींकडे नजर गेली. दोघींनीही काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आईने घरच्या मंडळींना जवळ बसवून वेणी घालायला सांगितले आणि बराच वेळ दोघी हळू आवाजात बोलत होत्या. काय बोलल्या, ते आम्ही विचारले नाही.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. आम्ही तो तरुणपणी वाचला होता आणि नंतर जाणूनबुजून पुन्हा हातात घेतला नव्हता. नातीने तोच आणला. त्या नावाच्या कथेत रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात न सांगता खोली घेतो, मान मिळवतो, आणि उघड झाल्यावर मार खातो. नातीने कथा वाचून संपवली, पुस्तक मिटले आणि सरळ विचारले, “आजोबा, तुम्ही कधी चोरली होती का?”

वाचकहो, तीस-पस्तीस वर्षे सभांतून बोललो, वर्गण्या गोळा केल्या, मिरवणुकीत पुढे चाललो. पण त्या प्रश्नाला तोंडातून शब्द निघेना. खोटे बोलता आले असते. आई समोर बसली होती म्हणून बोललो नाही.

१९८६ साली आम्ही नोकरीसाठी सांगलीत आलो. लग्न नुकतेच झालेले. एका घरी माडीवरची खोली मिळाली. मालकांनी आडनाव विचारले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही कळत नाही. त्यांनी आपल्या मनाने एक जात धरली, आणि आम्ही हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अकरा महिने तिथे राहिलो. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चौदा एप्रिलला पहाटे बाहेर पडलो, मिरजेला मिरवणुकीत नाचलो, आणि परत येताना स्टँडवरच्या नळावर कपाळावरची नीळ घासून काढली. ती नीळ काढताना जे वाटले, ते आजवर घरच्या मंडळींनाही सांगितले नव्हते. त्यांनीही त्या अकरा महिन्यांत जिन्यावर कोणाशी मोकळेपणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो. नात खाली पाहत होती. आई म्हणाली, “मला तवाच कळलं व्हतं.”

आम्ही चमकलो. त्या अकरा महिन्यांत आई एकदाच आली होती. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून दोन दिवस राहायला म्हणून आली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. म्हशीला कोण बघणार, असे सांगून. आम्ही ते खरे धरले होते.

आई म्हणाली, “भिंतीला खिळा व्हता, फोटो नव्हता. मी वर येताना मालकीणबाईनं इचारलं, कुठल्या म्हनायच्या तुमी? मी गावाचं नाव सांगितलं आन् गप बसले. तुझं छप्पर जाईल म्हनून जयभीम घातला न्हाई. आरं, तू येकट्यानं न्हाई चोरली. मी बी चोरली. म्हनून ऱ्हायले न्हाई तिथं.”

इतकी वर्षे ती हे मनात ठेवून होती, आणि आम्ही म्हशीचे कारण. घरच्या मंडळी उठून आत गेल्या. आम्हाला आईच्या पायाला हात लावायचा होता, तेही जमले नाही.

दोन दिवस पुस्तक लागले नाही. तिसऱ्या दिवशी नातीनेच मार्ग काढला. तिने बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आणले. छोटे पुस्तक आहे, मूळ इंग्रजी. ती एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगत गेली. १९०१ साली लहानगे भीमराव घरच्या पोरांबरोबर साताऱ्याहून निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे सुटीसाठी. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशन मास्तरने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा गाडीवानाने शिकवले, मुसलमान आहोत म्हणून सांगा. त्या पोराने उर्दूत बोलून तसे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ अन्न होते, पण पाण्यावाचून ते तसेच ठेवून पोरे उपाशी झोपली.

सांगलीहून साताऱ्याला रेल्वेने जाताना कराडनंतर मसूर लागते. आम्ही त्या स्टेशनावरून किती वेळा गेलो असू, गणती नाही. एकदाही खिडकीतून नीट पाहिले नाही.

नात म्हणाली, “आजोबा, बाबासाहेबांना पण पाण्यासाठी सांगावं लागलं. आणि त्यांनी ते मोठेपणी स्वतः लिहून ठेवलं. लपवलं नाही.”

तेव्हा आमच्या लक्षात आले की पोरीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तहानलेल्या पोराला जात लपवायला लावते ती लाज लपवायला लावणाऱ्याची. पण पुढे ती गोष्ट पोटात दडपून ठेवणे, पोराबाळांना न सांगणे, ते मात्र आपल्या हातचे असते. बाबासाहेबांनी सांगितले. बागुलांनी कथा केली. बेबीताईंनी वह्या लपवल्या, पण लिहिणे थांबवले नाही. आम्ही मात्र पस्तीस वर्षांहून अधिक काळ गप्प होतो.

पुढच्या रविवारी मुलगाही घरी होता. आईला विचारले की तुझे बोलणे मोबाईलमध्ये भरून ठेवू का? ती आधी लाजली, मग म्हणाली, “भरा. पर मालकीणबाईचं नाव नगं घालू. तिची बी नातवंडं असतील.” आता रोज थोडे थोडे भरतो आहोत. तिच्या माहेरची विहीर, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली ते दिवस, आणि तिने ऐकलेली पहिली बुद्धवंदना. सध्या आमच्या घरी सगळ्यांत आवडीने ऐकले जाणारे पुस्तक हेच आहे.

ज्यांना घरी असे ऐकणे सुरू करायचे असेल त्यांना अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे. कामाच्या माणसाला त्याहून जास्त ऐकवले तर डोळा लागतो. यंत्रातला आवाज कितीही चांगला असला तरी वाडीवस्तीची बोली त्याला कधी कधी जमत नाही. तिथे घरातल्याच पोराला वाचायला बसवावे. आणि ऐकून आवडलेले पुस्तक जमेल तेव्हा विकत घ्यावे, कारण लिहिणाऱ्यालाही घर असते.

साताऱ्याला गेलात तर राजवाड्याजवळचे प्रतापसिंह हायस्कूल पोरांना दाखवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव तिथल्या रजिस्टरात लागले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सवड असेल तर पाचगणीजवळच्या भिलारलाही जा. ते मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे, घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, बसून वाचायला कोणी आडकाठी करत नाही.

पण त्याआधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांच्याजवळ एखादा असा खिळा असेल, ज्यावर फोटो टांगता आला नाही. तो त्यांनी कोणाला दाखवलेला नसेल, कारण कोणी विचारलेले नसेल.

आमच्या घरी तो फोटो आता दारातून आत येताच समोर दिसतो. त्याच्या खालच्या फळीवर नवी पुस्तके येऊ लागली आहेत. आज मोजली, अकरा झाली.