ॲप पुसलं, पैसे चालूच

"अहो, ते ॲप तर मी केव्हाच डिलीट केलं. मग पैसे कसे कापले?" सोसायटीची मीटिंग संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, हा प्रश्न कुठेही कानावर पडतो. विचारणाऱ्याला चोरी झाल्याची पक्की खात्री असते. कंपनी लुटारू, बँक तिला सामील आणि सरकार झोपलेलं. बहुतेक वेळा प्रकरण इतकं रोमहर्षक नसतं. पैसे कापायची परवानगी आपणच दिलेली असते आणि ती परत घेतलेली नसते.

तेव्हा, जमेल तितक्या शांतपणे: फोनमधून ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. गावाला जाताना घराला कुलूप लावलं म्हणून पेपरवाल्याचं बिल थांबतं का? त्याला 'उद्यापासून टाकू नको' असं सांगावं लागतं. इथेही तेच आहे. आपण ग्राहक आहोत ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते आणि दर महिन्याला पैसे उचलायची परवानगी, म्हणजे मँडेट, आपल्या बँकेकडे किंवा यूपीआयवर नोंदलेलं असतं. फोनमध्ये यातलं काहीच नसतं. फोन फोडून टाकला तरी ठरल्या तारखेला पैसे जातील. गूगल स्वतःच्या मदतपानावर सांगतं की ॲप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. कितीजण वाचतात, हा भाग वेगळा. काही हुशार लोक तर रागाच्या भरात यूपीआयचं ॲपच काढून टाकतात. त्यानेही मँडेट रद्द होत नाही, उलट ते बघायची सोय तेवढी हातची जाते.

आता ही परवानगी आपण देतो कधी? बरेचदा '१ रुपयात ७ दिवस' असं लिहिलेल्या पानावर. तिथे आपण एक रुपया देतोय असं वाटतं. प्रत्यक्षात पिन टाकताना समोर ऑटोपेची मंजुरी असते आणि त्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल, किती दिवसांनी कापली जाईल आणि ही मुदत कधी संपेल. एक रुपया फक्त आजचा. रकमेच्या जागी तीनचारशेचा आकडा असू शकतो आणि मुदतीच्या जागी कित्येकदा काही दशकं पुढची तारीख. एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं हे पान दोन सेकंदांत पार करतात.

"पण ओटीपीशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत ना?" जातात. पिन किंवा ओटीपी मँडेट नोंदवताना एकदा लागतो. पुढच्या प्रत्येक हप्त्याला तो विचारायचा की नाही, हे रकमेवर ठरतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डांसाठी हे नियम काढले तेव्हा मर्यादा २,००० रुपयांची होती. पुढे ती ५,००० झाली आणि जून २०२२ पासून १५,००० आहे. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखावर नेली. मर्यादेच्या आतली रक्कम न विचारता जाते. सिनेमाच्या ॲपचे १९९ रुपये ओटीपीची वाट बघत थांबणार नाहीत.

याच नियमांत ग्राहकाच्या बाजूचीही एक तरतूद आहे आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे. तिच्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि कशासाठी कापणार हे हवं, आणि तो व्यवहार किंवा सगळं मँडेट नाकारण्याची सोय हवी. फास्टॅगच्या आपोआप रिचार्जसारखे थोडेच अपवाद आहेत. म्हणजे "न सांगता कापले" म्हणणाऱ्याने आधी आपल्या एसएमएसचा ढिगारा उपसून बघावा. निरोप बहुधा सापडतो, लॉटरी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या मधोमध. नाव ओळखीचं नसेल तर लगेच घाबरू नका. ॲप प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर स्टेटमेंटवर ॲपऐवजी गूगल प्लेचं नाव येतं. आणि त्या एसएमएसमधली लिंक दाबू नका, कारण अशाच भाषेत खोटे निरोपही येतात. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप स्वतः उघडून पाहा.

बंद करायचं ते दोन्ही टोकांना. आधी जिथे सबस्क्रिप्शन घेतलं तिथे जा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स', आणि थेट कंपनीच्या साइटवर घेतलं असेल तर तिथल्या खात्यात. मग यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून मँडेट रद्द करा. तिथे 'पॉज' आणि 'कॅन्सल' असे दोन पर्याय दिसतात. पॉज म्हणजे तात्पुरती विश्रांती. दोनतीन यूपीआय ॲप वापरत असाल तर मंजुरी ज्यातून दिली ते उघडा, आणि आठवत नसेल तर सगळीच. कार्डावरचं मँडेट बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगवर सापडतं. नुसतं मँडेट रद्द करून थांबलात तर पैसे जायचे थांबतील, पण कंपनीशी वर्षभराचा करार केला असेल तर तो तसाच उरतो.

आता थोडा राग कंपन्यांवरही काढू, कारण सगळा दोष विसराळू ग्राहकाचा नाही. सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला सहा पानं, प्रत्येक पानावर 'खरंच जाताय?' असा गळा काढलेला प्रश्न, हे काही अपघाताने होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राइम सदस्यत्वाबद्दल खटला भरला. रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' असं नाव होतं, हे त्या तक्रारीत नमूद आहे. होमरचं ते युद्धाचं महाकाव्य हजारो ओळींचं आहे, ज्याने नाव ठेवलं त्याला विनोदबुद्धी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. रद्द करण्याची वाट लपवणं किंवा ती मुद्दाम किचकट करणं त्यात येतंच, शिवाय मोफत सेवेसाठीसुद्धा आधी पैशांचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी मागून घेणंही येतं. म्हणजे ते '७ दिवस फुकट, फक्त कार्ड जोडा' हेही तक्रारीचं कारण ठरू शकतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"खात्यात पैसेच ठेवले नाहीत की प्रश्न मिटला." यूपीआय ऑटोपे पहिल्यांदा फसलं तर पुन्हा प्रयत्न होतो. पगार जमा झाला की तोही यशस्वी होतो.

"सगळ्या साइट्सकडे माझ्या कार्डाचा नंबर आहे." ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदार साइट्सना कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन असतं. मात्र मँडेट टोकनवरही चालतं.

"विदेशी साइटवरही ओटीपी येतोच." नाही. अनेक ठिकाणी नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर काम होतं.

"पैसे परत मिळवायला पिन टाकावा लागतो." कधीच नाही. पिन पैसे देण्यासाठी असतो. 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणणारा चोर आहे.

"गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला की झालं." हे सगळ्यांत महागात पडतं. शोधात वर आलेला नंबर भामट्याचा असू शकतो. दोनशे रुपये सोडवायला गेलेल्या माणसाला तो स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतो आणि खातं रिकामं करतो. नंबर कंपनीच्या ॲपमधून किंवा अधिकृत साइटवरूनच घ्या.

पैसे देण्याच्या सवयींबद्दल माझं मत सरळ आहे. ज्या खात्यात पगार किंवा पेन्शन जमा होते, ते यूपीआयला जोडूच नये. रोजच्या खर्चासाठी वेगळं छोटं खातं ठेवावं आणि त्यात लागेल तेवढेच पैसे टाकावेत. ऑनलाइन खरेदीला डेबिट कार्डापेक्षा कमी मर्यादेचं क्रेडिट कार्ड बरं, कारण वाद झाला तर खात्यातली रोकड अडकून पडत नाही. २०२० पासून बँकांना ऑनलाइन आणि विदेशी व्यवहारांची बटणं ग्राहकाच्या हाती द्यावी लागली आहेत. विदेशी वापराचं बटण बंदच ठेवा, लागेल त्या दिवशी चालू करा. वर्षभराची वर्गणी एकदाच भरता येत असेल आणि ऑटोपे टाळता येत असेल तर टाळा. विमा आणि एसआयपी यांना ऑटोपे ठीक आहे, कारण तिथे हप्ता चुकला तर नुकसान आपलंच.

आणि तक्रार करायची तर दार नीट निवडा. कंपनी रद्द करू देत नसेल किंवा रद्द केल्यावरही पैसे घेत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मँडेट रद्द करूनही बँकेने पैसे जाऊ दिले किंवा आधी सूचनाच दिली नाही, तर बँकेत लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे फी लागत नाही. परवानगी दिलेलीच नसताना पैसे गेले असतील तर तो गुन्हा आहे: तत्काळ सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३० आणि सोबत बँक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला नुकसान सोसावं लागत नाही. ॲप डिलीट केल्याचा स्क्रीनशॉट यातल्या कुठल्याच तक्रारीत पुरावा म्हणून चालत नाही, मँडेट रद्द झाल्याचा संदेश चालतो. तो जपून ठेवा.