कोड्यांच्या गेमला चित्रकार हवा!

पीथमपुरात ‘ड्रॉइंग’ म्हटलं की आधी यंत्राचा सुटा भाग डोळ्यांपुढे येतो. धार जिल्ह्यातल्या, इंदूरहून तासाभरावरच्या या औद्योगिक गावात ट्रकपासून औषधांपर्यंत बरंच काही बनतं. समजा, इथेच कुणी कारखान्यातली पाळी संपवून रात्री लॅपटॉपवर स्वतःचा कोड्यांचा गेम बनवतोय. कोडी जमली, गोष्टही सुचली. पण त्या गोष्टीतल्या प्रसंगांची चित्रं कोण काढणार?

मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय बनणाऱ्या अशा गेमला ‘इंडी गेम’ म्हणतात. त्यात पैसा थोडा आणि माणसं दोन-चार. म्हणून चित्रकार निवडताना चूक झाली, तर ती महागात पडते.

पहिली गोष्ट म्हणजे, चित्रकार शोधण्याआधी गेम खेळता येईल इतका तरी तयार हवा. जॉनथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’चं (पाव नव्हे, वेणी!) उदाहरण घ्या. 2006 मध्ये या गेमला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये रचनेचं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यातली चित्रं कामचलाऊच होती. त्यानंतर वेबकॉमिक काढणारे डेव्हिड हेलमन आले आणि 2008 मध्ये गेम बाजारात आला, तो रंगवलेल्या चित्रासारखा. आधी चौकोन-वर्तुळांवर भागवा. चित्रकाराला गेम खेळू द्या, मग बोला.

दुसरी गोष्ट कोड्यांच्या गेमपुरतीच आहे. कोडं सोडवणारा माणूस संशयी असतो. भिंतीवर तीन पणत्या दिसल्या की तो म्हणतो, ‘तीनच का?’ चित्रकाराने त्या नुसत्या शोभेसाठी काढल्या असतील, तर बिचारा अर्धा तास फुकट घालवतो. म्हणून कोड्याचं उत्तर चित्रकारालाही माहीत हवं. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये विनाकारण रेघ चालत नाही, तसंच इथेही. प्रत्येक प्रसंगासाठी चार ओळी लिहून द्या: कोण आहे, काय घडतंय, खेळणाऱ्याला काय कळायला हवं, आणि काय कळता कामा नये.

शैली दूरवरून उसनी आणायची गरज नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. तो मुख्यतः लढाईचा, पण मधूनमधून कोडी आहेत. आणि गोष्टीचे प्रसंग त्यांनी चक्क सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले. जगभरच्या लोकांनी तो खेळला.

मग माणूस शोधायचा कुठे? जरा आजूबाजूला बघा ना! इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन शिकले. धारला शिल्पकार र. कृ. फडके स्थायिक झाले. टाकाऊ वस्तूंतून चित्रं उभी करणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी मूळचे देवासचे. इंदूरच्या ललित कला महाविद्यालयात आजही मुलं शिकतात. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला जा, दिवाळी अंकांतली रेखाचित्रं पाहा. एक सुंदर चित्र पाहून भुलू नका. एकच पात्र पाच चित्रांत ओळखू येतं का, ते बघा. मग नमुन्यादाखल एक प्रसंग काढून घ्या, आणि त्याचेही पैसे द्या.

हो, पैसे! ‘आत्ता फुकट काढ, तुझं नाव होईल’ असं आपण सुताराला म्हणतो का? मग चित्रकारालाच का? चित्रं किती, दुरुस्त्या किती वेळा, हप्ते कधी, हे सगळं आधी ठरवा आणि लिहून काढा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर ते लेखीच लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम तर इंटरनेटवरून जगभर विकला जाणार! शिवाय हक्क दिले तरी ‘हे चित्र माझं’ म्हणायचा चित्रकाराचा अधिकार उरतोच. तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नाव आठवणीने घाला.

थोडक्यात काय, तुम्हाला सजावट करणारा नकोय. तीच गोष्ट रेषांनी सांगणारा जोडीदार हवाय. आपल्या मंडळात गोष्टी लिहिणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या बाकावर वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारं कुणी बसलंय का, एकदा वळून बघा!