दोष दाखवा, मग दुरुस्ती!

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. समजा, अशा दुपारी तुमच्या घरची नवी मोटार अचानक बंद पडते. वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत ती निवते आणि सुरळीत चालते! ‘दोष दिसत नाही,’ असे उत्तर मिळते. असे का घडावे? तापल्यावर धातू आणि प्लास्टिक सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे सैल जोडातील विद्युतसंपर्क सुटू शकतो. निवल्यावर तो पुन्हा जुळतो.

अमेरिकेत मुळातच सदोष निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. कनेक्टिकट राज्याने १९८२ साली ‘लेमन लॉ’ केला. ठरावीक काळात चार वेळा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर ग्राहकाच्या बाजूने कायदा उभा राहतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. चाचणीवाचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. सदोष भाग बदलून काम भागत असेल, तर सबंध गाडी बदलून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका खटल्यात म्हटले.

तेव्हा प्रयोगवहीसारखी गाडीचीही वही ठेवा. दोष कधी दिसला, किती किलोमीटरवर, इंजिन गरम होते की थंड, गाडी कधी दिली, कधी परत मिळाली, हे सारे लिहा. प्रत्येक जॉब कार्डावर तक्रार नेमक्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत जपा. ‘गाडी सारखी बिघडते’ हे झाले गाऱ्हाणे. तारखा आणि आकडे मांडले, की तो पुरावा होतो.