तंजावूरची खरेदी : प्रतिकृती घ्यावी का?

तंजावूरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन आटोपून राजवाड्याकडे वळतो, तेव्हा आपण परमुलखात आहोत हे तो घटकाभर विसरतो. नायक राजांनी उभारलेला हा वाडा १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांच्या हाती आला आणि पुढे १८५५ पर्यंत भोसले घराण्याने येथून राज्य केले. दुसऱ्या सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि १९५१ मध्ये सुरू झालेले कलादालन याच परिसरात आहे. कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती पाहून पाहणारा थक्क होतो. तिरुवेंकाडू येथे सापडलेली, इ. स. १०११ च्या सुमाराची वृषभवाहन शिवाची मूर्ती तर अनेकांच्या कायमची स्मरणात राहते. शेजारचा नंदी कधीच हरवला, तरीही अदृश्य नंदीवर रेललेला तो हात पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो.

आणि मग प्रवासी बाहेर पडतो. परिसरातील दुकानांत नटराज, सोमास्कंद, सोनेरी चित्रे, नक्षीदार तबके आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या मांडलेल्या असतात. आत पाहिलेल्या मूर्तीसारखीच दिसणारी एखादी मूर्ती समोर येते. किंमत विचारली जाते आणि मनात प्रश्न उभा राहतो : ही शेवटी प्रतिकृतीच. ती घेण्यात अर्थ आहे का?

प्रतिकृती म्हणजे नक्कल नव्हे

उत्तराकडे जाण्यापूर्वी ही वस्तू कशी घडते ते पाहायला हवे. तंजावूरहून सुमारे ३५ किलोमीटरवर, कुंभकोणमजवळ स्वामीमलै हे गाव आहे. तेथील स्थपती आजही मेणाचा साचा वापरून मूर्ती ओततात. या पद्धतीला संस्कृतात ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. मधमाशांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून प्रथम संपूर्ण मूर्ती घडवली जाते. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे लेप चढतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर पडते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. त्यानंतर छिन्नी-कानशीने डोळे, दागिने, बोटे कोरण्याचे काम अनेक दिवस चालते.

साचा फुटत असल्यामुळे अशी प्रत्येक मूर्ती एकदाच जन्माला येते. तालमान शास्त्राचे, रूप पूर्वजांनी ठरवलेले. परंतु हात आजच्या कारागिराचा. अशा मूर्तीला केवळ नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिचे मोल तिच्या घडणीत आहे. तिच्याजवळ एकच गोष्ट नाही, ती म्हणजे हजार वर्षांचे वय.

शिवपुरमचा धडा

हे वय खोटेपणाने चिकटवले की काय होते, याचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातील शिवपुरम या गावी १९५१ मध्ये जमिनीखालून काही कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांत दहाव्या शतकातील एक नटराज होता. मूर्ती गावच्या देवळाकडे सोपवण्यात आल्या आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास दुरुस्तीसाठी कारागिराकडे गेल्या. देवळात परत आला तो नटराज मूळचा नव्हता. ती प्रतिकृती होती आणि अस्सल मूर्ती हातोहात दूर निघून गेली होती.

गावकरी आणि पुजारी यांना फरक कळला नाही. ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६५ मध्ये चोळ कांस्यमूर्तींवरील आपल्या ग्रंथात मूळ मूर्ती मुंबईतील एका खाजगी संग्रहात असून देवळात प्रतिकृती असल्याचे नमूद केले, तेव्हा प्रकरण उघडकीस आले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती मूर्ती सुमारे ९ लाख डॉलर्सना विकत घेतली. भारत सरकारने न्यायालयात दाद मागितली. १९७६ मध्ये समझोता झाला आणि दहा वर्षे अमेरिकेत राहून १९८६ मध्ये नटराज स्वदेशी परतला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की देवळात आलेली प्रतिकृती हुबेहूब होती, म्हणजे कारागिरीत ती मुळीच उणी नव्हती. तीच वस्तू ‘प्रतिकृती’ म्हणून दिली असती तर कौतुकास पात्र ठरली असती. ‘अस्सल’ म्हणून दिली गेली आणि गुन्ह्याचे साधन बनली. प्रतिकृती आणि बनावट यांतील सीमारेषा धातूत नसते, ती विकणाऱ्याच्या शब्दात असते.

मोटारगाड्यांच्या बाजारातही तेच

हा नियम केवळ कलावस्तूंपुरता नाही. अतिवेगवान, अतिमहाग मोटारगाड्यांच्या प्रतिकृतींचा मोठा व्यवसाय परदेशांत चालतो. ‘शेल्बी कोब्रा’ ही गाडी १९६० च्या दशकात जेमतेम हजारभर तयार झाली. १९६२ ची पहिली कोब्रा २०१६ मधील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर्सना गेली. तिच्या प्रतिकृती मात्र मुळाहून कितीतरी अधिक संख्येने रस्त्यावर आहेत. त्या बनवणाऱ्या कंपन्या त्या आपल्या स्वतःच्या नावाने, उघडपणे विकतात. गाडी चालवण्याचा आनंद हवा असणाऱ्याला तो मिळतो आणि कोणाची फसवणूक होत नाही. याउलट ब्राझीलमध्ये २०१९ साली पोलिसांनी बनावट फेरारी व लॅम्बोर्गिनी तयार करणारा एक कारखानाच बंद केला.

आपल्याकडे साध्या गाडीवर महाग गाडीचे कवच चढवण्याचा मोह असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. नोंदणी अडचणीत आली की विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. अशा वेळी रुबाब राहतो बाजूला आणि खर्च मात्र उरतो.

सोन्याचा वर्ख आणि सोन्याचा भास

तंजावूरमध्ये मूर्तीइतकीच मागणी असते ती तंजावूर चित्रांना. मराठा राजवटीत या कलेला मोठा आश्रय मिळाला. तमिळमध्ये तिला ‘पलगै पडम’ म्हणजे फळीवरचे चित्र म्हणतात. लाकडी फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा थर देतात. दागिने, महिरपी, खांब यांना उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात आणि रंगीत खडे जडवतात. परंपरेने हा वर्ख २२ कॅरटचा असतो.

बाजारात सोन्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त वर्खाची चित्रेही मिळतात. प्रथमदर्शनी दोन्ही सारखीच झळकतात. काही वर्षांनी मात्र नकली वर्ख काळवंडतो. स्वस्त चित्र स्वस्त म्हणून घेण्यात वावगे काही नाही. स्वस्त वर्खासाठी सोन्याची किंमत मोजू नये, इतकेच. शिवाय अस्सल वर्ख इतका पातळ असतो, की त्यातील सोने वजनाने अगदी थोडे भरते. चित्राची किंमत कारागिराच्या श्रमांची असते. असे चित्र तारण ठेवून सुवर्णकर्ज मिळेल, ही समजूत कोणी बाळगू नये.

खरेदीपूर्वी

सुज्ञ ग्राहकाने पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली बाब म्हणजे, ‘मूर्ती फार जुनी आहे’ असे कोणी कानात सांगितले तर तेथून निघावे. ते खोटे असेल तर फसवणूक आहे. खरे असेल तर अडचण त्याहून मोठी. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, त्यांची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. धातूवरील हिरवट झाक हा वयाचा पुरावा नव्हे. ती रसायनांनीही आणता येते.

दुसरी बाब बिलाची. त्यावर वस्तूचे वर्णन, उंची, वजन, धातू किंवा वर्खाचा प्रकार आणि ती नव्याने घडवलेली आहे हा उल्लेख असावा. परदेशातील मुलाबाळांना मूर्ती पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधीच मिळवावे. विमानतळावर धावपळ करावी लागत नाही. घराच्या विम्यात अशी वस्तू समाविष्ट करतानाही हेच बिल उपयोगी पडते.

तिसरी बाब विक्रेत्याची. तमिळनाडू सरकारच्या हस्तकला महामंडळाच्या ‘पूम्पुहार’ दालनात आधी किमती पाहून घेतल्यास अंदाज येतो. स्वामीमलैच्या कांस्यमूर्ती आणि तंजावूर चित्रे या दोहोंना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. वेळ असेल तर थेट कारागिराकडे जावे.

चौथी बाब अपेक्षेची. प्रतिकृती ही गुंतवणूक नव्हे. ती विकायला गेल्यास घातलेली रक्कम परत येईलच असे नाही. म्हणून तिच्यासाठी ठेव मोडू नये की कर्ज काढू नये. हौसेसाठी बाजूला काढलेल्या पैशांत बसेल तेवढीच खरेदी करावी.

इतके पाळले तर ‘प्रतिकृती घ्यावी का?’ या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे देता येते. कलादालनातील शिव आपल्या घरी येणार नाही आणि येऊही नये. तो सर्वांचा आहे. स्वामीमलैच्या स्थपतीने यंदा घडवलेला शिव मात्र घरी येऊ शकतो. त्याच्या किमतीतून एका घराची चूल पेटते आणि हजार वर्षांची विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाते. देव्हाऱ्यात ठेवलेल्या त्या मूर्तीविषयी पाहुण्याने विचारले, तर ‘ही नवी आहे’ असे अभिमानाने सांगता यावे.