विश्रांतीलाच वैतागणारे पाय

दिवसभर फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेच्या पायांना रात्री विश्रांती हवीशी वाटावी, हे साहजिक आहे. पण चाळिशीच्या उत्तरार्धात, पाळी मागेपुढे होऊ लागते त्या सुमारास, काही जणींचा अनुभव उलटाच असतो. दिवसा पायांची तक्रार नसते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळू लागते, ओढल्यासारखे होते. नेमके दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवतही नाही. हलवले की बरे वाटते. स्थिर ठेवले की पुन्हा सुरू. अशा वेळी कोणी सांगितले, ‘अंग सैल सोडून स्वस्थ पडा’, तर? स्वस्थ पडणे हाच तर त्रास!

मग शिथिलीकरणाच्या व्यायामांचा इथे काही उपयोग आहे का? आहे, पण त्यासाठी हे पाय असे का वागतात ते आधी पाहू.

या तक्रारीची नोंद इंग्लंडमधील टॉमस विलिस या वैद्याने सतराव्या शतकातच केली होती. पुढे १९४५ साली स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी तिचे सविस्तर वर्णन करून तिला ‘अस्वस्थ पाय’ हे नाव दिले. ओळखण्याच्या खुणा चार. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते, ती बसल्यावर किंवा पडल्यावर वाढते, हालचालीने कमी होते आणि संध्याकाळी व रात्री जास्त जाणवते. पोटरीत वांब येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होऊन कळ येते, ते वेगळे. मधुमेहात तळपायांची आग होते किंवा मुंग्या येतात, त्या चालल्याने थांबत नाहीत; तेही वेगळे.

पाय वळवळतात म्हणून दोष पायांत असेल असे वाटते. प्रत्यक्षात मूळ मेंदूत असते. हालचालींचे नियमन करणाऱ्या मज्जापेशी डोपामिन नावाच्या रसायनातून एकमेकींना संदेश देतात. हे रसायन तयार करणाऱ्या विकराला लोहाची गरज असते. मेंदूतील काही भागांत लोह कमी पडले की डोपामिनचे काम बिघडते. त्यातही दिवस-रात्रीचा चढउतार असतो, म्हणूनच त्रासाची वेळ ठरलेली. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा आहे; आईला हा त्रास असेल तर मुलीला असण्याची शक्यता वाढते.

आता रजोनिवृत्तीचा संबंध कुठे येतो? पुष्कळ जण इस्ट्रोजेन या संप्रेरकाकडे बोट दाखवतात. पण ते संप्रेरक बाहेरून दिल्याने पाय शांत होतात असे सिद्ध झालेले नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती साधी, हिशेबाची बाब. पाळी जाण्यापूर्वीच्या काही वर्षांत अनेकींना अतिरिक्त रक्तस्राव होतो आणि रक्ताबरोबर लोह जाते. आपल्याकडे साठा मुळातच तुटपुंजा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शिवाय याच काळात रात्री अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप मोडते. जागे झाले की पाय आपले काम सुरू करतात, आणि झोप न झाल्याने दुसऱ्या रात्री ते आणखी चेकाळतात.

म्हणून शिथिलीकरण करायचे, पण थेट शवासनाने सुरुवात करायची नाही. आधी पायांना हवी ती हालचाल द्यावी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे शतपावली करावी. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यावा, टाच जमिनीवरच ठेवावी आणि पोटरीला ताण देत अर्धा मिनिट थांबावे. मग दुसरा पाय. घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत हाताने चोळावे. कोमट पाण्यात पाय बुडवणेही अनेकींना मानवते.

यानंतर अंथरुणावर अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची रीत वापरावी. १९२९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती मांडली. त्यांचे म्हणणे असे, की ‘सैल सोड’ म्हटल्याने स्नायू सैल पडत नाही. ताण कसा असतो हे ज्याला कळते त्यालाच सैलपणा कळतो. वर्गात हे सहज पडताळता येईल. मुलांना मूठ पाच सेकंद आवळायला सांगा, मग एकदम सोडायला सांगा. हात आधीपेक्षा जड आणि ढिला वाटतो. हेच पायांपासून सुरू करून मांड्या, पोट, हात, खांदे, चेहरा असे वर न्यायचे: पाच सेकंद ताण, वीस-पंचवीस सेकंद सैल. पावले मात्र खाली न ताणता नडगीकडे ओढावीत, नाहीतर वांब येण्याचा संभव. या रीतीत पायांना अधूनमधून काम मिळत राहते. सोबत श्वास संथ ठेवावा. चार अंकांपर्यंत आत, सहा अंकांपर्यंत बाहेर. एवढे करूनही पाय उसळले तर झगडत पडून राहू नये. उठावे, फिरावे, झोप येऊ लागली की परत यावे.

यातून काय मिळेल? झोप लागायला मदत होते, जागरणाची धास्ती कमी होते. गरम वाफा मात्र श्वसनाने किंवा शिथिलीकरणाने कमी होतात असे मानू नये. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तितज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली या उपायांची त्यासाठी शिफारस केलेली नाही. आणि लोहाची तूट तर कोणत्याच व्यायामाने भरून येत नाही.

आठवड्यातून दोन-तीन रात्री असे होत असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातील फेरिटिन तपासून घ्यावे. ते लोहाचा साठा दाखवते. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. या विकारात लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी फेरिटिन असल्यास लोह देण्याचा विचार होतो, मग प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा ‘सामान्य’ असला तरी. गोळ्या मनाने सुरू करू नयेत. अति लोहही घातक असते. जेवणाला लागून चहा घेतला तर लोहाचे शोषण घटते, लिंबू पिळल्याने वाढते. आपण घेत असलेल्या औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी. सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, मळमळीवरची काही औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे हा त्रास वाढवतात. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेण्याची सवय असेल, तर बंद करण्याजोगी पहिली गोष्ट तीच.