४८ तास आणि एक खड्डा

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आमचा खड्डा पळून गेला. माझ्या लॅपटॉपवर तो शहाण्यासारखा रस्त्यात डावीकडे-उजवीकडे सरकत होता. तोच गेम रूममेटच्या लॅपटॉपवर उघडला, बाणाचं बटण दाबलं आणि खड्डा सुसाट फुटपाथवर चढला, पानाच्या टपरीतून आरपार गेला आणि स्क्रीनच्या बाहेर. परत काही आला नाही. रूममेट सिव्हिलचा. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "असे खड्डे शहराला मिळाले तर किती बरं होईल!"

हसायलाही वेळ नव्हता. ४८ तासांपैकी सोळा-सतरा तास उडून गेले होते आणि हातात काय होतं, तर एक पळपुटा खड्डा.

आधी हे सगळं काय चाललं होतं ते सांगतो. गेम जॅम हे नाव ऐकून तुम्हाला ट्रॅफिक जॅम आठवला असेल तर दोष तुमचा नाही. पण हा जॅम गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या जॅमिंगमधला. ठरावीक वेळ, सुरुवातीच्या क्षणापर्यंत गुपित ठेवलेला विषय आणि त्या विषयावर वेळ संपायच्या आत खेळता येईल असा एक गेम. बस. लुडम डेअर नावाचा जॅम २००२ पासून चालू आहे. त्याच्या सगळ्यात कडक प्रकारात एकट्याने ४८ तासांत कोड, चित्रं, आवाज असं सगळं करायचं असतं. ग्लोबल गेम जॅम २००९ मध्ये सुरू झाला. तो जानेवारीच्या अखेरीस जगभर एकाच वेळी भरतो. आम्ही भाग घेतला तो जीएमटीके जॅममध्ये. 'गेम मेकर्स टूलकिट' हे यूट्यूब चॅनल चालवणारा मार्क ब्राऊन तो २०१७ पासून घेतोय. सगळं ऑनलाइन, फी नाही, रोख बक्षीसही नाही. आवडलेल्या काही गेमबद्दल ब्राऊन नंतर व्हिडिओत बोलतो, एवढंच.

मग कशाला करायचा हा उपद्व्याप? माझ्यापुरतं उत्तर माझ्या लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये होतं. त्यात सात गेम होते आणि सातही अर्धवट. एकात शिवकालीन किल्ला होता, किल्ल्याला दरवाजा नव्हता. एकात हिरो उडी मारायचा, पण खाली यायचा नाही. प्रत्येक वेळी सुरुवात जोरात, दोन आठवड्यांनी परीक्षा, मग नवा गेम. पुण्यातल्याच एका छोट्या स्टुडिओने कित्येक वर्षं खपून केलेला 'राजी' २०२० मध्ये आला. तो बघून मला वाटायचं, करायचं तर असं काहीतरी. पण ज्याने एकही गेम पूर्ण केलेला नाही त्याने असली स्वप्नं बघणं म्हणजे चहा करता येत नसताना पंगतीचा स्वयंपाक अंगावर घेणं. शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. एक, फक्त एक गेम पुरा करायचा होता.

तर जुलै २०२३, शुक्रवार रात्र. कॉट बेसिसची खोली, तीन कॉट, दोन लॅपटॉप, एक इंडक्शन शेगडी. टीम तिघांची. कोड माझ्याकडे, आवाज रूममेटकडे, आणि चित्रं काढणारी मैत्रीण कोल्हापूरहून डिस्कॉर्डवर. विषय जाहीर झाला : भूमिका उलट्या. म्हणजे नेहमीच्या गेममध्ये जो जे करतो त्याच्या उलट काहीतरी.

तासभर आम्ही फक्त बोललो. राक्षसाने हिरोला वाचवायचं. विद्यार्थ्याने मास्तरांची तोंडी परीक्षा घ्यायची. प्रत्येक कल्पना "हे कुणीतरी आधीच केलं असेल" इथे येऊन मरत होती. तेवढ्यात रूममेट कॉटवर बसून भिजलेले मोजे पिळायला लागला. संध्याकाळी त्याच्या गाडीचं चाक एका खड्ड्यात गेलं होतं आणि तो तेव्हापासून त्या खड्ड्याच्या खानदानाचा उद्धार करत होता. डिस्कॉर्डवरून आवाज आला, "अरे, मग खड्डाच होऊया की!"

झालं. गेममध्ये आपण खड्डा. वरून रस्ता बघायचा, दुचाकीवाले येणार, आपण सरकून बरोब्बर त्यांच्या चाकाखाली जायचं. एक माणूस पडला की दहा गुण. सिव्हिलवाल्याला स्फूर्ती आली. खड्डा कसा पडतो हे त्याने आम्हाला रात्री एक वाजता समजावलं. डांबराला आधी बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी खाली झिरपतं, खालचा थर भुसभुशीत होतो आणि वरून चाकं गेली की डांबराचा तुकडा निघून येतो. म्हणून पाऊस आणि रहदारी एकत्र आली की खड्डा वाढत जातो. "मग गेममध्येही पावसात खड्डा वाढू दे," तो म्हणाला. आणि डांबराची गाडी हा शत्रू. ती अंगावरून गेली की आपण बुजलो, गेम संपला.

इंजिन होतं गोडो. मूळचं अर्जेंटिनातलं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं, फुकट, आणि माझ्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर न कण्हता चालणारं. त्याची नवी आवृत्ती नेमकी जॅमच्या आदल्याच दिवशी आली होती. मोह झाला, पण आवरला. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी पुस्तक बदलतं का?

आता तो पळालेला खड्डा. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, रूममेटची गेमिंगवाली १४४ वेळा. मी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं की दर चित्रामागे खड्डा इतका सरकू दे. म्हणजे त्याच्याकडे खड्डा जवळपास अडीचपट वेगाने धावणार! दोन चित्रांमध्ये किती वेळ गेला त्याने वेगाला गुणायचं असतं. हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि पहाटे चार वाजता विसरलो होतो. एक गुणाकार टाकला, कडेला दोन अदृश्य भिंती उभ्या केल्या, खड्डा रस्त्यावर आला.

संध्याकाळी सातला गेम खेळण्याजोगा झाला. बाहेरच्या माणसाला दाखवायचा म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलाला बोलावलं. तो दिवसा एमपीएससीचा अभ्यास करतो आणि रात्री स्कूटरवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. रेनकोट अर्धा अंगात घालूनच तो बसला. पहिला स्कूटरवाला पडला, दहा गुण. दुसरा पडला, वीस. पडताना माणसाच्या टोपीसह तीन कोलांट्या, हे आमच्या मैत्रिणीने फार मन लावून केलं होतं. आम्ही दोघं खिदळत होतो. तो हसला नाही. पाठीला पेटी लावलेला एक स्कूटरवाला स्क्रीनवर आला तेव्हा त्याने बटणावरचं बोट उचललं आणि आमच्याकडे वळून विचारलं, "म्हणजे यात पडणारा मी, ना?"

गेल्या पावसाळ्यात तो पडला होता हे आम्हाला माहीत होतं. मनगटाला प्लेट बसवली होती, दीड महिना काम बंद. आम्हीच त्याला मेसचा डबा आणून देत होतो. हे सगळं माहीत असताना आम्ही तो स्कूटरवाला काढला होता. तो रागावला वगैरे नाही. "चांगलाय रे," म्हणाला, रेनकोटची चेन लावली आणि ऑर्डर घेऊन गेला.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वाद झाला. रूममेटचं म्हणणं, गेम आहे, कार्टून आहे, इतका विचार करायचा नसतो. मैत्रिणीचं म्हणणं, पेटी काढून टाकू, साधा स्कूटरवाला ठेवू. मला दोन्ही पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त भीती होती ती आठव्या अर्धवट गेमची. २७ तास उरलेले असताना कल्पना बदलायची म्हणजे आत्महत्याच, असं जॅमवाले सगळे सांगतात.

पण नियम बदलणं आणि कल्पना बदलणं यात फरक आहे. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' केला. त्यात खेळाचे नियमच शब्द म्हणून समोर पडलेले असतात आणि ते ढकलून आपण खेळ उलटा करतो. एक शब्द हलला की भिंत भिंत राहत नाही. मला तो आठवला आणि मी माझ्या कोडमधली ती एक ओळ बघत बसलो. चाक खड्ड्यावर आलं की गुणांत अधिक दहा. इथे वजा केलं तर?

रस्त्यात लोक खड्डा चुकवतात. आमच्या गेममध्ये खड्डा लोकांना चुकवेल. चाकाखाली कुणी येऊ नये म्हणून तोच जिवाच्या आकांताने पळेल. विषयाला तर हे आधीपेक्षाही जवळचं होतं! पाऊस तसाच राहिला. खड्डा वाढत जातो, त्यामुळे लपणं कठीण होत जातं. गोडी सापडली ती डांबराच्या गाडीत. ती आता शत्रू नव्हतीच. ती येईपर्यंत तग धरायचा, तिच्या खाली जायचं आणि बुजायचं. बुजलो की जिंकलो. कोडमध्ये सगळं मिळून चाळीसेक ओळी बदलल्या. रात्री अकराला नवा खड्डा धावत होता, आणि पहिल्यांदाच खेळताना माझ्या तळहाताला घाम आला.

यानंतरची भांडणं जास्त खरी होती, कारण ती कापाकापीची होती. मैत्रिणीने नऊ वाहनं काढली होती. रिक्षा, टेम्पो, पीएमटी, उसाच्या मोळ्या लादलेली बैलगाडीसुद्धा. प्रत्येकाचा वेग वेगळा, चाकं वेगळी, म्हणजे प्रत्येकाची चाचणी वेगळी. रविवारी सकाळी मी तीनच ठेवली. ती म्हणाली, "तुझा एक तास वाचवायला माझी रात्र कचऱ्यात टाकलीस." बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, सॉरी, पण तीनच. दोन तास ती फक्त कामापुरतं टाइप करत होती. शेवटी तोडगा तिनेच काढला. उरलेली सहा वाहनं सुरुवातीच्या स्क्रीनवर रस्त्याच्या कडेला पार्क केली. 'नो पार्किंग'च्या पाटीखाली.

आवाज मात्र मजेत झाले. २००७ मध्ये लुडम डेअरच्या स्पर्धकांसाठी एकाने एसएफएक्सआर नावाचं छोटंसं साधन केलं होतं. बटणं दाबत गेलं की टिंग, टुंग, धप्प असे आवाज तयार होतात. त्याचीच ब्राउझरमधली आवृत्ती आम्ही वापरली. डबक्यातल्या पाण्याचा आवाज मात्र बाथरूममधल्या बादलीत मग आपटून, मोबाइलवर. घरमालक काकू वर आल्या आणि "पाणी जपून वापरा" म्हणून गेल्या. त्यांचा आवाजही रेकॉर्ड झालाय, पण तो गेममध्ये घेण्याचं धाडस झालं नाही.

एक छोटी गोष्ट करून बघण्यासारखी आहे. चाक आणि खड्डा यांची टक्कर झाली की नाही हे इंजिन चित्रावरून ठरवत नाही, चित्राखाली आपण आखलेल्या साध्या आकारावरून ठरवतं. आम्ही खड्ड्याचा तो आकार चित्रापेक्षा थोडा लहान ठेवला. त्यामुळे चाक काठाला चाटून गेलं तरी खेळणारा वाचतो, आणि "थोडक्यात वाचलो" म्हणून खूश होतो. त्याला कळत नाही की आपण त्याला सूट दिली आहे.

शेवटचा तास कसा गेला ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. चूक सर्वस्वी माझी. गेम ब्राउझरमध्ये चालावा म्हणून मी तो बाहेर काढला, झिप केला, इच डॉट आयओ या साइटवर चढवला आणि पांढरी स्क्रीन. मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स'च असावं लागतं. मी ते हौसेने 'खड्डा_फायनल' ठेवलं होतं. ते सुधारलं, तरी चालेना. मग कळलं की आमच्या आवृत्तीसाठी साइटच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बाहेर धो धो पाऊस. गेम जमा झाला तेव्हा ११ मिनिटं उरली होती. शनिवारी दुपारीच एकदा चढवून बघितला असता तर या ११ मिनिटांचे दहा तास झाले असते. तुम्ही करणार असाल तर नुसती रिकामी स्क्रीन असली तरी पहिल्याच दिवशी चढवून बघा.

पुढचा आठवडा स्पर्धकांनीच एकमेकांचे गेम खेळून गुण द्यायचे असतात. आम्ही तिघांनी मिळून साठेक गेम खेळलो. त्यातले निम्मे अर्धेकच्चे होते आणि तरीही पूर्ण होते. आमच्या गेमवर परदेशातल्या एकाने लिहिलं की डांबराची गाडी यायला ९० सेकंद लागतात, फार उशीर होतो. वर्गातल्या मुलांनी नेमकी उलटी तक्रार केली : ९० सेकंदांत गाडी येते? काहीही दाखवता का! आमचा क्रमांक हजारांत होता. पहिल्या की दुसऱ्या हजारात ते विचारू नका.

सोमवारी रात्री शेजारचा आला. दोन ऑर्डरींच्या मधली वेळ होती. मी काही न बोलता लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. दोनदा पेटीवाला स्कूटरवाला त्याच्या खड्ड्यात गेला, दोनदा त्याने स्वतःलाच शिवी घातली. तिसऱ्यांदा तो रेनकोटच्या बाह्या वर करून बसला. पाऊस वाढला, खड्डा अर्ध्या रस्त्याएवढा झाला, तो त्याला कडेकडेने, श्वास धरून नेत राहिला. पिवळी गाडी आली. त्याने खड्डा तिच्या खाली नेला आणि रस्ता सपाट झाला. त्याच्या खिशातला फोन वाजला. तो उठला, दारात थांबला आणि म्हणाला, "डांबराची गाडी अजून थोडी मोठी काढा रे. लांबून दिसली पाहिजे."